अपठित उताऱ्याचे बारा गुण

बारावीची बोर्डाची परीक्षा दरवर्षी इंग्रजीच्या पेपरने सुरू होते. विज्ञान, वाणिज्य, कला, व्यवसाय अभ्यासक्रम, शाखा कुठलीही असो, हा पेपर सगळ्यांना एकच. उल्हासनगरमधली, बालवर्गापासून इंग्रजी माध्यमात शिकलेली सिंधी मुलगी, अंबरनाथच्या हिंदी शाळेतून आलेला कामगाराचा मुलगा आणि बदलापूरच्या मराठी शाळेत सेमी इंग्रजी केलेला विद्यार्थी, तिघांच्या हातात तीच ८० गुणांची कृतिपत्रिका पडते आणि तेवढेच तीन तास मिळतात. दहावीपर्यंत यांच्यातल्या कुणाला इंग्रजी पहिली भाषा होती, कुणाला तिसरी. बारावीत तो फरक उरलेला नाही असं धरूनच पेपर काढला जातो.

हा पेपर झाला की पुढच्या काही महिन्यांत वाटा फुटतात. कुणी बीबीए-बीएमएसची सीईटी देतं, कुणी विधीची, कुणी दिल्ली विद्यापीठाचं स्वप्न धरून सीयूईटी, कुणी परदेशासाठी आयईएलटीएस. प्रत्येक परीक्षेत इंग्रजी आहे आणि प्रत्येकीचं इंग्रजी वेगळं आहे. पालक, क्लासवाले आणि आम्ही शिक्षकसुद्धा एकेका पेपरचा स्वतंत्र विचार करतो. सगळे पेपर शेजारी शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. व्याकरणाचे सुटे तुकडे आणि सुट्या शब्दांचे अर्थ तपासायची सोय आपण भरपूर करून ठेवली आहे. अनोळखी पान वाचून ते कळलं की नाही, हे तपासायला मात्र फारच थोडी जागा दिली आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला मुलाला रोज करावं लागतं ते मात्र हेच.

हा प्रश्न महाराष्ट्रभरचा आहे. पण कल्याणच्या पुढची ही तीन शहरं त्यासाठी मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. २०११ च्या जनगणनेत तिन्हींची मिळून लोकसंख्या नऊ लाखांच्या वर होती आणि तेव्हापासून बदलापूर-अंबरनाथमध्ये किती इमारती उभ्या राहिल्या ते गाडीच्या खिडकीतूनही दिसतं. उल्हासनगर वसलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवर. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत आले, १९४९ मध्ये गावाला आजचं नाव मिळालं आणि कॅम्प एक ते पाच हे पत्ते कायम राहिले. या समाजाने चांदीबाई हिंमतमल मनसुखानी आणि आर. के. तलरेजा यांच्या नावाची महाविद्यालयं उभी केली. घरात सिंधी आणि बाजारात हिंदी चालू राहिली. सिंधी माध्यमाच्या शाळा मात्र ओसरत गेल्या आणि मुलं इंग्रजी माध्यमाकडे वळली. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि एमआयडीसीमुळे देशभरातून कामगार आले. बदलापूरला मुंबई-डोंबिवलीत घर न परवडणारा मराठी मध्यमवर्ग आला. म्हणून एकाच कनिष्ठ महाविद्यालयाच्या एकाच वर्गात पाच-सहा मातृभाषा आणि तीन-चार माध्यमं बसलेली असतात. इंग्रजीच्या परीक्षेत नेमकं काय मोजलं जातं हे पाहायला याहून चांगला वर्ग शोधून सापडणार नाही.

इंग्रजीची चाळण लावून विद्यापीठात प्रवेश देण्याची पद्धत आपल्याकडे विद्यापीठाइतकीच जुनी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, त्याची पहिली मॅट्रिक १८५९ ची. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. तेव्हापासून मराठी मुलगा इंग्रजी शिकला तो मुख्यतः भाषांतराच्या वाटेने. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या. त्या पद्धतीला आज नावं ठेवली जातात, पण तिच्यात एक गोष्ट होती: वाक्याचा अर्थ कळल्याशिवाय भाषांतर पुढे सरकत नसे. स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक जाऊन एसएससी आली, पुढे दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला. मराठी शाळांत पाचवीपासून सुरू होणारं इंग्रजी रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० सालापासून पहिलीत आलं. म्हणजे आज बारावीला बसणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलाने बारा वर्षं इंग्रजी हा विषय शिकलेला असतो. हे लक्षात ठेवून त्याच्यापुढचा पेपर पाहू.

लेखी ८०, तोंडी २०. लेखीत गद्याला ३४, कवितेला १४, लेखनकौशल्याला १६ आणि कादंबरीला १६ गुण. गद्याच्या ३४ मध्ये एक उतारा पाठ्यपुस्तकातला, १२ गुणांचा. चार गुण निव्वळ व्याकरणाचे. दुसरा उतारा पुस्तकाबाहेरचा, अपठित, त्याला १२ गुण, शिवाय सारांशलेखनाचे तीन आणि माइंड मॅपिंगचे तीन. म्हणजे पूर्वी न पाहिलेला मजकूर वाचून उत्तर देण्याचे ८० पैकी १२, सारांश धरला तर १५. बाकीचं जवळजवळ सगळं आधी तयार करून येता येतं आणि मुलं तसं तयार करून येतातही. पुस्तकातल्या उताऱ्याखालचे प्रश्न बदलले तरी उतारा तोच असतो. डायजेस्टमध्ये त्याचे सगळे संभाव्य प्रश्न उत्तरांसह छापलेले असतात. कादंबरीच्या भागासाठी तर कादंबरी उघडायचीही गरज पडत नाही. पात्रं, स्थळ, कथानक, तिन्हींच्या नोट्स मिळतात.

या कृतिपत्रिकेची बाजू घ्यावी तेवढी चांगली आहे, हेही सांगायला हवं. जुन्या प्रश्नोत्तरांच्या पेपरपेक्षा ती पुष्कळ विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्येक उताऱ्याखाली सहा कृती असतात: उताऱ्याचं स्थूल आकलन, तपशील, तर्काने काढायचा अर्थ, स्वतःचं मत, मग भाषाभ्यास आणि शेवटी शब्दसंपत्ती. कागदावर ही उतरंड योग्यच आहे. अडचण ती वापरण्यात आहे. मुलाला पास व्हायचं असतं आणि पास होण्यासाठी वरच्या चार कृतींना हात न लावता खालच्या दोन आणि बाकीचे ठोकळे पुरतात, हे त्याला अकरावीतच कळलेलं असतं.

भाषाभ्यासाची एक कृती जवळून पाहू. वाक्य असतं: ‘ही इज टू टायर्ड टू वॉक.’ पुढे सूचना: पहिला ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा. मुलाला सूत्र तोंडपाठ असतं. ‘टू’च्या जागी ‘सो’, विशेषणानंतर ‘दॅट’, मग कर्ता पुन्हा, मग ‘कॅनॉट’. ‘ही इज सो टायर्ड दॅट ही कॅनॉट वॉक.’ वाक्य भूतकाळी असेल तर ‘कुड नॉट’, एवढीच खोच. गुण मिळतो. आता तेच मूळ वाक्य अपठित उताऱ्याच्या मध्यावर येऊ द्या आणि विचारा: तो माणूस चालत गेला का? वर्गातली बरीच मुलं हो म्हणतात. त्या वाक्यात ‘नॉट’ कुठेच नाही, नकार सगळा रचनेत आहे. सूत्र येतं, पण सूत्र ज्या अर्थासाठी आहे तो हातून निसटतो. वीस वाक्यं ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ करून घेतलेल्या मुलाला हे वाक्य वाचता येत नाही, आणि आपल्या पेपरला हे कळायची काही सोय नाही.

कवितेचंही तसंच. बारावीच्या युवकभारतीत दिलीप चित्रे यांची ‘फादर रिटर्निंग होम’ आहे. संध्याकाळच्या उशिराच्या लोकलने घरी परतणाऱ्या, गर्दीत एकट्या बापाची ती कविता. बदलापूर सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटर आहे. तिथल्या वर्गात ही कविता शिकवताना समोरच्या मुलांपैकी किती जणांचे वडील त्याच वेळी त्याच लाइनवर उभे असतात हे कुणाला सांगावं लागत नाही. वर्गात बोलायला लागलं की ही मुलं त्या कवितेविषयी असं काही बोलतात की ऐकत राहावं. रसग्रहणाचा चार गुणांचा प्रश्न आला की मात्र त्यांच्या लेखणीतून कवी, शीर्षक, आशय, अलंकार, संदेश हा डायजेस्टमधला साचा उतरतो, कारण गुण त्या मुद्द्यांना असतात. स्वतः वाचलेलं स्वतःच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिणाऱ्याला साचा उतरवणाऱ्यापेक्षा कमी गुण पडतात. मला या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत जास्त खुपतं ते हे.

याच अंबरनाथमध्ये, आयुध निर्माणीच्या केंद्रीय विद्यालयात, सीबीएसईची बारावी होते. तिथल्या इंग्रजी कोअरच्या ८० गुणांच्या पेपरात वाचनाला २२ गुण आहेत आणि ते सगळे अपठित उताऱ्यांचे. साहित्याला ४०, लेखनाला १८. एका स्टेशनवर उतरणारी दोन मुलं, एक अनोळखी मजकुरावर २२ गुण मिळवायची तयारी करतं, दुसरं बाराची. सीबीएसईचा पेपर आदर्श आहे असं मी म्हणत नाही. पण परीक्षेत ज्याला गुण असतात त्यालाच वर्गात वेळ मिळतो आणि हा दहा गुणांचा फरक दोन वर्षांत कितीतरी तासांच्या वाचनाचा फरक होऊन बसतो.

बारावीनंतरच्या परीक्षांत चित्र वेगळं आहे, पण फार सुधारलेलं नाही. बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आल्यावर राज्याच्या सीईटी कक्षाने २०२४ मध्ये त्यांच्यासाठी पहिल्यांदा सामाईक परीक्षा घेतली. १०० प्रश्न, दीड तास, उणे गुण नाहीत. त्यांत ४० प्रश्न इंग्रजीचे. उल्हासनगर-अंबरनाथ पट्ट्यात बीएमएस हा व्यापारी घरातल्या मुलांचा आवडता अभ्यासक्रम आहे, त्यामुळे ही परीक्षा इथे घरोघरी पोचली. पहिल्या वर्षी पुष्कळ जागा रिकाम्या राहिल्या, परीक्षा पुन्हा घ्यावी लागली आणि मुंबई विद्यापीठाशी संलग्न अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून, बी.कॉम.च्या छत्राखाली नेऊन सीईटीची अट टाळली. नाव बदललं, वर्गातली मुलं तीच राहिली. त्या ४० प्रश्नांचा भर समानार्थी, विरुद्धार्थी, रिकाम्या जागा, वाक्यातली चूक यांवर असल्यामुळे तयारी करणारा मुलगा शब्दांच्या याद्या पाठ करतो. चार पर्यायांतून एक निवडायचा आणि चुकलं तर काही जात नाही, अशा परीक्षेत अंदाजालाही गुण मिळतात. असं असूनही पदवीच्या प्रवेशासाठी राज्याने इंग्रजीला शेकडा ४० वजन दिलं, हा बदल मोठा आहे आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

अभियांत्रिकी आणि फार्मसीच्या सीईटीत इंग्रजी हा विषयच नाही. विधीच्या सीईटीत इंग्रजीचा विभाग आहे, बाकीचा पेपर मराठीतही वाचता येतो, आणि हे न्याय्य आहे असं मला वाटतं.

सीयूईटी २०२२ मध्ये आली. भाषांच्या विभागात १३ भाषा आहेत, मराठीही आहे, पण दिल्लीला जाऊ पाहणारा मुलगा बहुधा इंग्रजी घेतो. तासाभरात ५० प्रश्न, बरोबरला पाच गुण, चुकीला उणे एक. बहुपर्यायी प्रश्नांचीच परीक्षा असली तरी तिच्यात वाचनाचे उतारे मोठा भाग व्यापतात: माहितीपर, कथात्मक, साहित्यिक. बोर्डाचे पंच्याऐंशी गुण घेऊन आलेली मुलं इथे अडखळतात, कारण उतारा वाचायचा, परत मागे जायचं, दोन जवळच्या पर्यायांतला फरक ओळखायचा, ही सवय बारावीने लावलेली नसते.

आयईएलटीएसचं वाचन त्याच्याही पुढचं. तीन लांब उतारे, ४० प्रश्न, ६० मिनिटं. व्यापाराच्या निमित्ताने परदेशी नातेवाईक असलेल्या उल्हासनगरच्या कुटुंबांना ही परीक्षा नवी नाही. तिच्यातला एक प्रश्नप्रकार आपल्या मुलांना विशेष छळतो. विधान दिलेलं असतं आणि उताऱ्यानुसार ते बरोबर, चूक की ‘माहिती दिलेली नाही’ ते ठरवायचं असतं. समजा उताऱ्यात म्हटलं आहे की १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत गाडी धावली आणि पुढच्या वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला. विधान आहे: कल्याणची गाडी ठाण्याच्या गाडीपेक्षा वेगवान होती. उत्तर, माहिती दिलेली नाही. आपली मुलं हमखास ‘चूक’ लिहितात. उताऱ्यात नाही म्हणजे चूक, असा त्यांचा समज असतो, कारण बोर्डाच्या ‘ट्रू ऑर फॉल्स’ला तिसरी शक्यताच नाही. मजकूर काय सांगतो, काय नाकारतो आणि कशाबद्दल गप्प राहतो, हे तिन्ही वेगवेगळं ओळखता येणं म्हणजे वाचता येणं. वकिलीला, हिशेबतपासणीला, प्रयोगशाळेतल्या अहवालाला, सगळीकडे हेच लागतं. हे शिकवायला आयईएलटीएसच्या क्लासची हजारोंची फी भरावी लागू नये.

विद्यापीठात येऊ पाहणाऱ्या लाखो मुलांचं इंग्रजी एका पेपरने तपासायचा जगातला सर्वांत मोठा प्रयोग चीनमध्ये चालतो. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली गाओकाओ ही प्रवेशपरीक्षा १९७७ च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे ५७ लाख जण बसले. २०२४ मध्ये नोंदणी १ कोटी ३४ लाखांच्या वर गेली. चिनी, गणित आणि परकीय भाषा या तिघांना प्रत्येकी १५० गुण. परकीय भाषा म्हणून रशियन, जपानी वगैरेही घेता येतात, पण बहुतेक सगळे इंग्रजीच घेतात. १९८५ मध्ये ग्वांगडोंग प्रांतात ग्वी शिचून यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने या पेपराचं शास्त्रशुद्ध प्रमाणीकरण सुरू झालं. तोही पेपर बरीच वर्षं सुट्या वाक्यांतल्या व्याकरणावर उभा होता: एक वाक्य, एक रिकामी जागा, चार पर्याय. गेल्या दशकात राष्ट्रीय पेपरातून तो प्रश्न गेला.

आज तिथे १५० पैकी ३० गुण ऐकण्याला, ५० वाचनाला, ३० भाषावापराला आणि ४० लेखनाला आहेत. व्याकरण तपासतात, पण सबंध उताऱ्याच्या आत. उताऱ्यातल्या दहा जागा रिकाम्या, काही ठिकाणी कंसात मूळ शब्द, त्याचं योग्य रूप मुलाने स्वतः लिहायचं. कुठला काळ हे आधीची दोन वाक्यं वाचल्याशिवाय ठरत नाही. वाचनात एक प्रश्न असा की उताऱ्यातली पाच वाक्यं काढून घेतलेली असतात, खाली सात दिलेली असतात, आणि कुठलं कुठे बसतं ते लावायचं. लेखनाचा मोठा प्रश्न म्हणजे अपुरी गोष्ट वाचून तिचा शेवट लिहायचा. वाचल्याशिवाय लिहिताच येत नाही. अभ्यासक्रमाने सुमारे ३००० शब्द ठरवून दिले आहेत, म्हणजे शब्दसंपत्तीची हद्द गावच्या शिक्षकाला आणि शांघायच्या शिक्षकाला सारखीच माहीत असते. काही प्रांतांत इंग्रजीचा पेपर वर्षात दोनदा देता येतो आणि त्यातले चांगले गुण धरले जातात.

तिथला ताण, घोकंपट्टी, शिकवण्यांचा बाजार यांतलं काही आपल्याकडे आणावं असं नाही. पण १५० गुणांच्या पेपरात पाठ्यपुस्तकातला एकही उतारा नसतो आणि तरीही एक कोटीहून जास्त मुलं तो देतात, खेड्यांतलीसुद्धा, ही गोष्ट आपल्या नेहमीच्या सबबीला उत्तर देते. आपल्याकडे १५ लाखांच्या आसपास मुलं बारावीला बसतात. पेपर तपासणं अवघड म्हणून पुस्तकातलंच विचारावं लागतं, असं म्हणायला मग जागा राहत नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे. अपठिताचे गुण वाढवले तर ज्याच्या घरी पुस्तकं आहेत त्याचा फायदा, ज्याच्या घरी नाहीत तो मागे पडणार. ‘प्रथम’च्या असर अहवालाने २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटाची पाहणी केली. इंग्रजी वाक्यं वाचता येणारी मुलं ५७.३ टक्के निघाली आणि त्यांतल्या ७३.५ टक्के मुलांना वाचलेल्याचा अर्थ सांगता आला. दोन्ही एकत्र धरले तर वाक्य वाचून अर्थ सांगू शकणारी मुलं निम्म्याहूनही कमी. अशा मुलांवर अचानक अनोळखी उताऱ्यांचा मारा केला तर निकाल कोसळेल आणि नापासांत मराठी, हिंदी माध्यमांची मुलं जास्त असतील. पण आजच्या पेपरनेही त्यांचं भलं केलेलं नाही. आज तो मुलगा ३५ गुण घेऊन पास होतो आणि ती अडचण न सोडवता पहिल्या वर्षाच्या वर्गात येऊन बसतो. तिथे अर्थशास्त्राचं, वाणिज्य कायद्याचं पुस्तक इंग्रजीत. केटी लागल्यावर तो ‘माझं इकॉनॉमिक्स कच्चं आहे’ म्हणतो. कच्चं असतं ते वाचन. उतारे सोपे ठेवून, टप्प्याटप्प्याने, १२ चे १८ आणि १८ चे २४ असे गुण चार-पाच वर्षांत वाढवता येतील. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्याचे गुण त्या प्रमाणात कमी व्हावेत. व्याकरणाचे सुटे चार गुण उताऱ्यातच मिसळावेत.

मराठी माध्यमाच्या मुलाजवळ एक जमेची गोष्ट आहे, ती आपण हिशेबात धरत नाही. बदलापूरला श्याम जोशी यांनी उभं केलेलं ग्रंथसखा वाचनालय आहे; दुर्मीळ मराठी ग्रंथांसाठी महाराष्ट्रभरचे अभ्यासक तिथे येतात. ज्या घरात मराठी वाचन आहे तिथल्या मुलाला अडलेला शब्द सोडून पुढे जायचं आणि मागून त्याचा अर्थ लावायचा हे ठाऊक असतं. इंग्रजीत तो ते करत नाही, कारण इंग्रजी हा त्याच्या लेखी वाचायचा नाही, पाठ करायचा विषय असतो. अशा मुलाला दोन-तीन महिने रोज एक पान नुसतं वाचायला दिलं, प्रश्न मराठीत विचारले, उत्तरं मराठीत घेतली, तरी फरक पडताना मी पाहिला आहे. इंग्रजी वाचनाची परीक्षा इंग्रजीत लिहूनच द्यायला हवी असं कुठे आहे? वाचलेलं कळलं का आणि इंग्रजीत लिहिता येतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण ते एकाच उत्तरपत्रिकेत घालतो, म्हणून ज्याला कळलं पण लिहिता आलं नाही तो आणि ज्याला कळलंच नाही तो, दोघेही एकाच गुणांवर उभे राहतात.

बोर्ड बदलेल तेव्हा बदलेल. पदवी महाविद्यालयांना त्याची वाट पाहायचं कारण नाही. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासाची एक चाचणी घेता येईल. प्रवेशासाठी नाही, गुणपत्रिकेसाठी नाही, कुणाला मदत लागणार आहे एवढं कळावं म्हणून. त्याच सत्रात शिकवायच्या पुस्तकातलं एक पान घ्यावं. वाणिज्य शाखेला मागणी आणि पुरवठ्याचं, विज्ञान शाखेला प्रयोगाच्या कृतीचं. खाली चार प्रश्न. या पानात मुख्य कोणती गोष्ट सांगितली आहे? तिसऱ्या परिच्छेदात ‘इट’ हा शब्द कशासाठी आला आहे? खालच्या दोन विधानांपैकी लेखकाने कोणतं म्हटलं आहे, कोणतं म्हटलेलंच नाही? आणि या पानातलं काय कळलं नाही? उत्तरं मराठी, हिंदी, सिंधी, इंग्रजी, जमेल त्या भाषेत लिहू द्यावीत. चौथ्या प्रश्नाची उत्तरं आधी वाचावीत.